गुत्तेदाराची जोखीम

आमच्या वाशिमकडे एकाच माणसाला चार नावे आहेत. मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या गावांत तो गुत्तेदार असतो, बाकी वऱ्हाडात ठेकेदार होतो, सरकारी कागदावर चढला की कंत्राटदार म्हणवतो, आणि एखादे जुने आजोबा अजूनही त्याला मक्तेदार म्हणतात. गुत्ता आपल्याकडे कानडी-तेलुगूकडून आला, मक्ता अरबी-फारसीच्या वाटेने, कंत्राट पोर्तुगिजांच्या गलबतातून आणि ठेका शेजारच्या हिंदीच्या अंगणातून. चार भाषांनी मिळून ज्याचे बारसे केले, तो माणूस आपल्या समाजाला किती जुन्या काळापासून लागत आला असेल, याचा विचार करावा. मराठीच्या मास्तराने शब्दांवर थांबावे, पुढचे वकिलांवर सोपवावे, असे कोणी म्हणेल. परंतु या धंद्यातला पाचवा शब्द 'विमा' हा आहे, आणि त्याच्याविषयी आमच्या जिल्ह्यात इतके गैरसमज आहेत की यंदाच्या सदरात तोच घ्यावा असे ठरवले.

रंगीत मुखपृष्ठ, कथा, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांच्या पंगतीत हा रुक्ष विषय वाढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. त्याला हंगामाचे कारण आहे. पाऊस उघडतो, सोयाबीन घरात येते, विकले जाते, आणि ज्याच्या हातात चार पैसे उरतात तो दिवाळीच्या तोंडावर गुत्तेदाराला बोलावून ओट्यावर बसवतो. चहा होतो, 'लेबर रेट' ठरतो, चौरस फुटाला इतके, स्लॅबच्या दिवशी इतकी उचल, प्लास्टर झाल्यावर इतके. सिमेंट-सळई मालकाची, माणसे गुत्तेदाराची. नारळ फुटतो. या सगळ्या बोलण्यात, पहिल्या मजल्याच्या परांचीवरून एखादा माणूस पडला तर पुढे काय, हा प्रश्न कोणीही काढत नाही. शुभकार्याच्या वेळी तसले बोलू नये, अशी आपली रीत आहे ना!

विमा हा शब्द फारसीतल्या 'बीमा'वरून आपल्याकडे आला. आपले व्यापारी या कल्पनेला मुळीच अनोळखी नव्हते. जुन्या काळी 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार चालत असे: माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, माल वाटेत बुडाला तर द्यायचे नाहीत. म्हणजे धोका कोणाच्या माथी, हे माल निघण्याआधीच ठरलेले. बांधकामाच्या धंद्यात नेमके हेच आधी ठरत नाही. ठरते ते माणूस पडल्यावर.

प्रथम सरकारी कामाची गोष्ट सांगतो, कारण तिथे विमा निदान कागदावर तरी असतो. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत एक कलम असते. ज्याला काम मिळाले त्याने संपूर्ण कामाच्या किमतीचा आणि संपूर्ण मुदतीचा विमा काढलाच पाहिजे, आणि तोही राज्याच्या विमा संचालनालयाकडेच. या संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत वांद्र्याला आहे. कोणी दुसऱ्या कंपनीचा विमा आणून दाखवला तर तो चालत नाही. शासकीय विमा निधीच्या हिशेबाने जो हप्ता निघेल तो गुत्तेदाराच्या बिलातून परस्पर कापून घेतला जातो. आता हे कापून घेणे हीच आमच्या गुत्तेदारांच्या मनातली विम्याची व्याख्या होऊन बसली आहे. सुरक्षा ठेव कापली, आयकर कापला, कामगार उपकर कापला, विमा कापला. एखाद्याला विचारा, 'भाऊ, त्या विम्यात तुम्हाला काय मिळतं?' तो हसून म्हणेल, 'भेटत काही नाही सर, कटते तेवढं मालूम हाय.'

खरे पाहता, मिळण्यासारखे पुष्कळ असते. या विम्याचे चालू नाव 'कंत्राटदाराची सर्व जोखीम', इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कार'. या जातीचा पहिला विमा 1929 साली लंडनमधल्या टेम्स नदीवरच्या लॅम्बेथ पुलाच्या कामासाठी निघाला, असे विम्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग बांधकामाचा: आग, पूर, वादळ, चोरी, काम कोसळणे अशा कारणांनी अर्धवट उभे असलेले काम किंवा जागेवरचा माल गेला, तर त्याची भरपाई. दुसरा भाग परक्या माणसाचा: खोदताना शेजाऱ्याची भिंत बसली, सुरुंगाचा दगड उडून वाटसरूला लागला, तर गुत्तेदाराला जे द्यावे लागेल ते.

आमच्याकडे पैनगंगेवर एकामागून एक बॅरेज बांधले गेले. नदीच्या पात्रात काम करणाऱ्याला पावसाळा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. अवकाळी पूर आला, अर्धवट भिंत घेऊन गेला, तर विमा कामाला येतो. परंतु 'सर्व जोखीम' या नावावर भाळून जाऊ नये, कारण नाव जितके उदार तितका आतला मजकूर उदार नसतो. मूळ आराखडाच चुकलेला असेल, तर त्या चुकीची किंमत मिळत नाही. आपल्या काळ्या मातीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिचा विचार न करता उथळ पाया घेतला आणि भिंतीला तडे गेले, तर विमा कंपनी तो तडा पाहून हात जोडते. साधी झीज, कामाला झालेल्या उशिराचा दंड, बुडालेला नफा, यांतले काहीही मिळत नाही. प्रत्येक नुकसानीतली पहिली ठरलेली रक्कम गुत्तेदारालाच सोसावी लागते. आणि किंमत कमी दाखवून हप्ता वाचवण्याची जी हुशारी आपल्याकडे सर्रास चालते, तिची शिक्षा तर हिशेबातच लिहून ठेवलेली आहे. दोन कोटींच्या कामाचा विमा एक कोटीचा काढला आणि दहा लाखांचे नुकसान झाले, तर हाती पाच लाख पडतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई.

मुदतीविषयी एक बोलतो आणि हा भाग सोडतो. विमा काम पुरे होईपर्यंत नसतो, कागदावरच्या तारखेपर्यंत असतो. आमच्या जिल्ह्यात वेळेत पुरे झालेले काम मी पाहिलेच नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण फार अतिशयोक्तीचे होणार नाही. खाते मुदतवाढ देते, त्याचे पत्र निघते, शिक्का होतो. विम्याच्या मुदतवाढीचा अर्ज मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. परांची उभीच असते आणि विमा केव्हाच निघून गेलेला असतो.

हे झाले दगड-विटांचे. आता माणसाचे.

एखादे मोठे काम निघाले की ते वरून खाली कसे उतरत जाते, हे पाहण्यासारखे असते. मोठा कंत्राटदार नागपूरचा किंवा पुण्याचा. तो खोदकाम एकाला देतो, सळईचे काम दुसऱ्याला, स्लॅब तिसऱ्याला. तिसरा मुकादमाला गाठतो. मुकादम आपल्या तांड्यातून, नाहीतर शेजारच्या गावातून माणसे उचलतो आणि सकाळी टेम्पोत भरून आणतो. कामाबरोबर जोखीमही पायरी-पायरीने खाली उतरते, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्या डोक्यावर घमेले असते त्याच्याच डोक्यावर येऊन बसते. विमा मात्र वरच्या मजल्यावरच राहतो.

कायद्याचे वळण नेमके याच्या उलट आहे. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व जर्मनीत 1884 साली बिस्मार्कच्या कारकिर्दीत विम्याच्या रूपाने आले, इंग्लंडमध्ये 1897 साली कायद्याच्या रूपाने आले, आणि आपल्याकडे 1923 च्या कायद्याने आले. तो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण जुन्या इमारतीचा पाया तसाच ठेवून वर नवा मजला चढवावा तसे ते झाले आहे. या कायद्याच्या बाराव्या कलमात सांगितले होते की, धंद्यासाठी एखाद्याने काम दुसऱ्याला गुत्त्याने दिले, तरी त्या दुसऱ्याच्या मजुराची भरपाई पहिल्याकडून मागता येते. मग पहिल्याने ती दुसऱ्याकडून वसूल करावी. संहितेनेही हे तत्त्व राखले आहे. कामाचा उतार खाली आणि दायित्वाचा चढ वर, अशी ही व्यवस्था आहे. मजुराच्या विधवेला नागपूरच्या साहेबाचे नाव माहीत नसले तरी कायद्याला ते माहीत असते.

भरपाईचा आकडा किती? पुष्कळ लोकांची समजूत अशी की, हे सगळे तडजोडीने ठरते: गावातले चार जाणते बसतात, लाख-दोन लाखांवर मिटते. वस्तुतः कायद्यात गणित दिलेले आहे. मृत्यू झाला असेल तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घ्यायची आणि तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. मजुरी कितीही असली तरी जुन्या कायद्याखाली जानेवारी 2020 पासून महिना 15,000 रुपयेच धरत. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, बरोबर 15,59,850 रुपये. चाळिशीच्या माणसाचे 13,81,275. पन्नाशीच्याचे 11,48,175. अपघातानंतर एका महिन्यात रक्कम भरली नाही, तर शेकडा 12 व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे. बी.ए.ला माझ्याकडे होता. निबंध बरा लिहायचा, नोकरी मिळाली नाही, म्हणून सेंटरिंगच्या फळ्या भाड्याने देता देता गुत्तेदार झाला. एका दुकानांच्या इमारतीचा स्लॅब त्याने मोठ्या ठेकेदाराकडून लेबर रेटने घेतला होता. नवी संहिता यायच्या आधीची गोष्ट. तिथे त्याचा एक माणूस वरून पडला आणि अकोल्याला नेता नेता गेला. वय तीस, घरी बायको, दोन लेकरे आणि म्हातारी. माझा विद्यार्थी काही पळून गेला नाही. दवाखान्याचे बिल त्याने दिले, अंत्यविधीचा खर्च केला, तेरवीच्या आधी दोन लाख रुपये त्या बाईच्या हातात ठेवले. पुढे वकिलाची नोटीस आली तेव्हा तो ती घेऊन माझ्याकडे आला.

"सर, मी त्याच्या घरच्याईले दोन लाख देल्ले. पंच होते समोर. आता अजून काय कराव माणसानं?"

त्याचे दुःख खोटे नव्हते. पण कायदा त्या दोन लाखांकडे कसा पाहतो, हे ऐकून तो गप्पच झाला. मृत्यूच्या बाबतीत भरपाईची रक्कम आयुक्ताकडे जमा करावी लागते. परस्पर घरच्यांच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम आगाऊ म्हणून वजा होते. निर्दय वाटते, नाही? पण या नियमामागे शतकाचा अनुभव आहे. पंचांसमोर दिलेले दोन लाख दिराच्या हातात जातात, दिराच्या हातून कर्जात जातात, आणि लेकरांच्या वाट्याला पंच तेवढे उरतात. आयुक्ताकडे जमा झालेली रक्कम कोणाला किती द्यायची ते आयुक्त ठरवतो, लहान मुलांचा वाटा गुंतवून ठेवतो.

"तो पिऊन होता सर, सगळ्याईनं पाह्यलं," हे त्याचे दुसरे म्हणणे. तेही चालत नाही. नशा, नियमांची मुद्दाम मोडतोड, ही सबब बोट तुटले, पाय मोडला अशा दुखापतीपुरती आहे. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ती सबब कायद्यानेच काढून घेतली आहे. आणि वरच्या ठेकेदाराने काय केले? त्यालाही नोटीस गेली होती. त्याने बाराव्या कलमाचा दुसरा अर्धा भाग दाखवला: माझ्याकडून मागाल तर मी याच्याकडून वसूल करीन. अखेर आयुक्तापुढे रक्कम भरण्यासाठी माझ्या विद्यार्थ्याने आपला टिप्पर विकला.

त्या टिप्परविषयी एक गोष्ट मला राहून राहून खुपते. त्याचा विमा होता. असणारच, कारण मोटार वाहन कायद्याप्रमाणे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पोलीस अडवतो, दंड होतो. गिट्टी वाहणाऱ्या गाडीला विम्याची सक्ती, आणि तीच गिट्टी घमेल्याने वर नेणाऱ्या माणसासाठी 1923 च्या कायद्याने मालकावर भरपाईची जबाबदारी टाकली खरी, पण विमा काढण्याची सक्ती केली नव्हती. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने स्वतःच्या खिशातून द्यावेत, ज्याच्याकडे नाहीत त्याने टिप्पर विकावा, आणि ज्याच्याकडे टिप्परही नाही त्याच्याविरुद्ध मिळालेला हुकूम विधवेने देव्हाऱ्यात ठेवावा!

या जबाबदारीपुरता जो विमा मिळतो त्याला जुन्या सवयीने सगळे 'वर्कमेन कॉम्पेन्सेशन'च म्हणतात. एजंटही तोच शब्द वापरतो. त्याचा खर्च समजून घेण्यासारखा आहे. हप्ता माणसांच्या डोक्यांवर ठरत नाही, कामावर वाटल्या जाणाऱ्या एकूण मजुरीवर ठरतो. दर 2007 पासून मोकळे आहेत, त्यामुळे कंपनीगणिक फरक पडतो. जमिनीवर फरशी बसवणाऱ्याचा दर कमी, उंचीवर किंवा खोल विहिरीत काम करणाऱ्याचा जास्त. दवाखान्याचा खर्च हवा असेल तर थोडी भर. हिशेबापुरता शेकडा दोन रुपये दर धरू. घराच्या कामावर मजुरीचे चार लाख वाटले जाणार असतील, तर हप्ता आठ हजार. त्यावर शेकडा 18 वस्तू-सेवा कर, म्हणजे 1,440. 2025 च्या सप्टेंबरात वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा हा कर उठला. गुत्तेदाराच्या विम्यावरचा राहिला. तेव्हा एकूण 9,440 रुपये. वास्तुशांतीच्या मंडपाला आणि आचाऱ्याला याहून जास्त जातात. एका बाजूला साडेनऊ हजार आणि दुसऱ्या बाजूला साडेपंधरा लाख असा हा तराजू आहे.

मात्र तो प्रामाणिकपणे भरावा लागतो. पाच माणसे दाखवायची आणि बारा चढवायची, रोज सातशे द्यायचा आणि कागदावर चारशे लिहायचा, हे केले की अपघाताच्या दिवशी कंपनीचा माणूस पहिल्यांदा हजेरीपत्रक मागतो. मुकादमाच्या खिशातली, घामाने भिजलेली, अर्धी पेन्सिलीने लिहिलेली वही हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आणि उशिराचा दंड विम्यातून मिळेल या भरवशावर राहू नये. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या एका विमा प्रकरणात स्पष्ट केले की, भरपाई आणि व्याज कंपनीने द्यावे, पण दंड मालकाने स्वतःच भरावा, कारण उशीर त्याचा आहे.

याच ठिकाणी दोन-तीन गोष्टींची जी सरमिसळ होते ती सोडवून ठेवतो. 'माझ्या सगळ्या माणसांचा वीस रुपयांचा विमा हाय,' असे गुत्तेदार छातीवर हात ठेवून सांगतात. ही पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. 2015 साली ती निघाली तेव्हा वर्षाला बारा रुपये पडत, जून 2022 पासून वीस पडतात, आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. योजना उत्तम आहे, प्रत्येकाने घ्यावी. पण तो मजुराचा स्वतःचा विमा आहे; त्याने मालकाची जबाबदारी एका रुपयानेही कमी होत नाही. दुसरे, राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाखांचे साहाय्य मिळते. ते बांधकामांवरच्या उपकरातून येते, आणि तेही भरपाईच्या बदल्यात नसते. तिथे नोंदणी करायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देताना आमच्या काही गुत्तेदारांचा हात का थरथरतो हे मला ठाऊक आहे: दाखल्यावर सही केली म्हणजे 'हा माझा माणूस' हे कबूल केले.

तिसरी सरमिसळ वर्तमानपत्रांनी केलेली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी भाग खुला झाला आणि शेलूबाजारहून नागपूर म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत अशी गंमत झाली. त्याच रस्त्याच्या शेवटच्या टप्प्याचे काम चालू असताना 1 ऑगस्ट 2023 च्या मध्यरात्रीनंतर ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या सरलांबे येथे तुळया चढवणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि वीस माणसे दगावली. दूरदूरच्या राज्यांतून आलेली माणसे होती. राज्याने पाच लाख, केंद्राने दोन लाख जाहीर केले, आणि मथळे तिथेच संपले. वाचणाऱ्याला वाटते, सात लाखांत हिशेब मिटला. पण हे सानुग्रह साहाय्य, म्हणजे शासनाने आपण होऊन दिलेला हात. कायद्याची भरपाई ही मजुराच्या वारसांची हक्काची रक्कम आहे, आणि तिचा मथळा कधीच होत नाही.

परदेशी काय करतात, हे सांगितल्याशिवाय आमच्या वाचकांचे समाधान होत नाही. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी न्यू जर्सीत असते. छपराची कौले बदलायची म्हणून तिने माणूस बोलावला, तर भावाची बोलणी सुरू होण्याआधी त्याने विम्याचे प्रमाणपत्रच पुढे केले. त्या राज्यात घरदुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराला परक्यांच्या नुकसानीसाठी किमान पाच लाख डॉलरचा विमा ठेवावा लागतो, आणि मजूर असतील तर त्यांचा वेगळा. सगळीकडे असेच आहे असे मात्र समजू नये. टेक्सास राज्यात मजुरांच्या विम्याची खासगी मालकांवर सक्ती नाही. पण विम्याचा कागद मागणे हे तिथे उद्धटपणाचे मानत नाहीत, एवढे खरे. आपल्याकडे गुत्तेदाराला 'विम्याचा कागद दाखव' म्हटले तर तो उठून चपला शोधू लागेल.

तरीही दाखव म्हणावे, आणि हप्त्याचे पैसे लेबर रेटमध्ये धरून आपणच द्यावेत, असे मी घर बांधणाऱ्यांना सांगतो. पुष्कळांना वाटते की आपण गुत्त्याने दिले, आपला संबंध संपला. दुकाने, गोदाम, लॉन असे धंद्यासाठी बांधणाऱ्याचा संबंध संपत नाही, हे वर आलेच. राहत्या घराच्या मालकाला जुन्या कलमातल्या 'धंद्यासाठी' या शब्दाने बरेच संरक्षण होते. पण पैसे वाचवायला गुत्तेदाराला बाजूला सारून चौकातून आपणच चार माणसे रोजाने आणली, तर त्यांचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना इकडे-तिकडे पाहून चालणार नाही. नव्या संहितेने आणखी एक गोष्ट घातली आहे: घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसला तर, कामावरचाच धरायचा. मालेगावच्या फाट्यावरून एका रिक्षात अकरा माणसे येतात, तेव्हा तिथपासूनच जोखीम सुरू होते.

माझा विद्यार्थी आता विमा काढल्याशिवाय फळ्या लावत नाही. गेल्या खेपेला तो आला तो वेगळ्याच कामासाठी. 1923 च्या कायद्यात 2017 साली एक दुरुस्ती झाली होती: माणूस कामावर ठेवताच त्याचा भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवायचा, न कळवल्यास पन्नास हजार ते एक लाख दंड. विम्याचा कागद तर चौदा पानी, बारीक टाइपाचा आणि अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. तो म्हणाला, "सर, तुमी मराठीचे. अर्ध्या पानात लिहून द्या, गवंड्याले वाचता येईन असं."

अर्धे पान लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. 'दायित्व' काढून 'जबाबदारी' केले, 'अवलंबित' काढून 'घरची माणसे' केले, 'नियोजक' तर पहिल्याच फटक्यात गेला. विमा कंपनीचे नाव, विम्याचा क्रमांक, शेवटची तारीख आणि अपघात झाला तर कोणाला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरात घातले. त्याने ते कामावर नेऊन मोठ्याने वाचले. एका पोक्त गवंड्याने हात वर करून विचारले, हे पैसे भावाच्या हातात देतील की बायकोच्या? विद्यार्थ्याने मला तिथूनच फोन लावला. रक्कम आयुक्ताकडे जमा होते आणि वाटा तो ठरवतो, बायकोचा आणि लेकरांचा वेगळा, असे मी सांगितले. "मंग हे बी लिहा त्यात," गवंडी मागून म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी तेवढी ओळ वाढवून दिली.